सकाळी सात दहाचा आवाज

गोपाळकृष्ण काकांच्या मोटरहोमचं इंजिन रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचं आणि सुरू होताच किंचाळायचं. आवाज पट्ट्याचा होता. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक रबरी पट्टा असतो, तो अल्टरनेटर फिरवतो आणि अल्टरनेटर बॅटरी भरतो. किंचाळणं पाच ते वीस सेकंद टिकायचं आणि आपोआप थांबायचं. तेवढ्यात आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतल्या तीन मजल्यांवरच्या खिडक्या आपटून बंद व्हायच्या.

काका आमच्या खालच्या मजल्यावर, मुलगा केदार आणि सून निकिता यांच्यासोबत राहतात. हवामानखात्यात ते चौतीस वर्षं निरीक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली, आतली सगळी आसनं काढून टाकली आणि तिथे पलंग, ओटा, विजेची शेगडी, बेसिन, पंखा असं एका खोलीचं घर बसवून घेतलं. चार वर्षांत त्या घराच्या दोन सहली झाल्या. मग काकांचा मोतीबिंदू, मग गुडघा, आणि गाडी कुंपणाच्या भिंतीलगत उभी राहिली. आता ती विकायची ठरली होती. नाशिकचे पृथ्वीराज भामरे म्हणून कोणी रविवारी दुपारी चारला बघायला येणार होते.

काकांनी मला सोमवारी बोलावलं. माझं भौतिकशास्त्रातलं एम.एस्सी. झालं होतं, पीएचडीच्या प्रवेशाचं उत्तर यायचं होतं आणि मी घरी होते.

"दोष असलेली गाडी विकायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण दोष काय आहे ते घेणाऱ्याला सांगता आलं पाहिजे. 'काहीतरी वाजतं बुवा' असं सांगून मी व्यवहार करणार नाही. रविवारपर्यंत कारण सापडलं तर गाडी जाईल. नाही सापडलं तर भामऱ्यांना येऊ नका म्हणून कळवीन."

"मग ते थांबतील?"

"कशाला थांबतील? त्यांनी दुसरी एक बघून ठेवलीय."

मंदाकिनी काकू शेजारी शेंगा सोलत होत्या. "अहो, राहिली तर राहू दे की गाडी. ती काय दाणावैरण मागते?"

"जागा मागते."

"या घरात जागा मागणारे पुष्कळ आहेत. त्यांना नाही विकायला काढत."

काकांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. मी निघाले तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "स्पृहा, कारण सापडलंच पाहिजे असं काही नाही हं. मला ती गाडी हवी आहे."

"कशासाठी, काकू?"

"हवी आहे."

मी बघते म्हणाले. मला कारण हवं होतं. गाडीचं पुढे काय होणार हा माझा प्रश्न नाही, असं तेव्हा मला वाटत होतं.

पट्टा दोनदा बदलून झाला होता. दोन्ही वेळा तो बदलणारे उत्तरेश्वर मिस्त्री कात्रजला असतात. मंगळवारी बाराच्या सुमारास मी आणि काका गाडी घेऊन तिकडे गेलो. गाडी तिथे गप्प होती. मिस्त्रींनी चार वेळा इंजिन चालू-बंद केलं.

"बघा. माझ्याकडं आली की शहाण्यासारखी वागतीय."

"सासरी शहाण्यासारखं आणि माहेरी आकांडतांडव," काका म्हणाले. "तिसरा पट्टा बसवणार असाल तर वाजंत्रीवालेही तुम्हीच सांगा."

"साहेब, पट्टा नवा हाय, पुल्या सरळ हायेत, ताण बरोबर हाय. मी आता तिच्या गळ्यात ताईत बांधू का?"

मी ताण तपासला. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा जेवढा वाकायला हवा तेवढाच वाकत होता. पुल्यांवर, म्हणजे पट्टा ज्यांवरून फिरतो त्या चाकांवर, लांब पट्टी ठेवून पाहिली, त्या एका रेषेत होत्या. मिस्त्रींचं बरोबर होतं. फक्त आवाज सकाळी येत होता आणि गाडी त्यांच्याकडे नेहमी दुपारी यायची.

बुधवारी सकाळी सात दहाला मी स्प्रेची बाटली घेऊन खाली उभी राहिले. इंजिन किंचाळू लागताच, हात लांब ठेवून, पट्ट्यावर पाणी मारलं. पुल्या वाकड्या असतील तर पाण्याने आवाज क्षणभर थांबतो. पट्टा घसरत असेल तर वाढतो. इथे तो वाढला. वरून कोणीतरी "अहो, आता पुरे!" असं ओरडलं.

म्हणजे पट्टा घसरत होता. ताण बरोबर असूनही पट्टा घसरत असेल तर त्याच्यावरचा भार जास्त असला पाहिजे. हा भार अल्टरनेटरचा. मी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर आणला होता, त्याचा चिमटा अल्टरनेटरच्या जाड वायरीभोवती लावला. पंच्याऐंशी अँपियर. काका दुसरीकडे बघत होते.

"तापमान एकोणीस, आर्द्रता चौऱ्याहत्तर टक्के, आवाज अठरा सेकंद," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं.

"काका, ही वही केव्हापासून आहे?"

"एकसष्ट दिवस झाले. मला वाटतं हे दवाचं काम आहे."

वही मी घरी आणली. अक्षर सुरेख होतं, एकही दिवस रिकामा नव्हता. आर्द्रतेशी आवाजाचं नातं मी काढून पाहिलं. ते जवळजवळ शून्य होतं. ज्या माणसाने आयुष्यभर हवा मोजली, त्याने गाडीच्या बाहेरची हवा मोजली होती, यात नवल नव्हतं. गाडीच्या आत काय मोजायचं हे त्याला सुचलं नव्हतं.

एकसष्टपैकी तेरा दिवस आवाज आला नव्हता. त्यातले नऊ सोमवार होते, म्हणजे त्या काळातले सगळेच सोमवार. उरलेले चार शुक्रवार. पण सगळे शुक्रवार शांत नव्हते. त्या चार शुक्रवारांत काय वेगळं होतं हे शोधायला मला संध्याकाळ लागली. उत्तर माझ्याच फोनवर सापडलं: 'देखभालीसाठी गुरुवारी वीजपुरवठा बंद राहील' असे चार संदेश, आणि चारही तारखा आदल्या दिवसाच्या.

हे जुळत होतं, पण याचा अर्थ लागत नव्हता. गाडी विजेला जोडलेलीच नाही. पूर्वी काका पार्किंगमधल्या प्लगवरून तिची बॅटरी भरायचे, तर सेक्रेटरींनी प्लगच्या वर पाटी लावली: 'ही वीज वाहनांसाठीही नाही व वाहनांत थाटलेल्या संसारांसाठीही नाही.' तेव्हापासून काका रोज सकाळी इंजिन दहा मिनिटं चालवतात. गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक इंजिन सुरू करायला, दुसरी मागच्या खोलीतल्या दिव्या-पंख्यांना. इंजिन चालू असताना अल्टरनेटर दोन्ही भरतो. पंच्याऐंशी अँपियर म्हणजे मागची बॅटरी बरीच उतरलेली होती. उभ्या गाडीत ती रोज कशी उतरत होती?

मागच्या बॅटरीचा डबा बाहेरून उघडतो. गुरुवारी सकाळी मी तिला व्होल्टेज नोंदणारं एक छोटं यंत्र जोडलं. त्या गुरुवारी वीज होती. शुक्रवारी रात्री आलेख काढला. दोन्ही दिवशी, सकाळचं भरणं झाल्यावर, रेषा दुपारी तीनपर्यंत सपाट होती. तीन वाजून पाच मिनिटांनी ती किंचित खाली यायची, एखादा पंखा लावल्यासारखी. तीन वीसच्या सुमारास आठ मिनिटांचा एक खोल खड्डा होता. एवढा प्रवाह त्या खोलीत एकच गोष्ट ओढू शकते: इन्व्हर्टरवर चालणारी शेगडी. साडेचारला सगळं बंद.

वीज जाते त्या गुरुवारी काय होतं हेही मग आठवलं. घरात पंखा नसतो म्हणून काका आपली खुर्ची खाली आणतात आणि त्याच भिंतीच्या सावलीत, गाडीच्या दाराशी, एक ते पाच पेपर वाचत बसतात. इतर दिवशी ते त्या वेळी घरात झोपलेले असतात. रविवारी दुपारी त्यांची मुलगी येते.

शनिवारी तीन पंचवीसला मी गाडीच्या मागच्या दारावर टकटक केली.

"कोण?"

"मी, स्पृहा."

दार उघडलं. काकूंनी साडीचा पदर खांद्यावरून खोचला होता. शेगडीवर पातेलं होतं, गवती चहाचा वास येत होता. खोली सोसायटीतल्या कुठल्याही खोलीपेक्षा स्वच्छ होती.

"ये. अर्धा कप होईल तुला. एकटीचाच टाकला होता."

मी बसले. आलेख हातात होता, पण दाखवायची गरज राहिली नव्हती. मी सगळं सांगितलं: शेगडी, बॅटरी, अल्टरनेटर, पट्टा. काकू ऐकत होत्या. चहा गाळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे रोज सकाळी जो केकाटतो तो माझा चहा?"

"हो. चहा आणि थोडा पंखा."

"अगं बाई." त्या हसल्या. "आणि मी चहा करते म्हणून आवाज येतो, आवाजाचं कारण कळत नाही म्हणून गाडी राहते. कळलं की जाते."

"हो."

"उद्या ते भामरे येणार."

"हो."

त्यांनी कप पुढे केला. भरपूर साखर होती. "घरात चार माणसांचे चार चहा. ह्यांचा बिनसाखरेचा, केदारचा बिनदुधाचा, निकिताचा कसल्याशा पुडीचा. माझा जो उरेल तो. केदार हॉलमध्ये मीटिंगला बसतो, निकिता बेडरूममध्ये, हे दुसऱ्या खोलीत झोपतात. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तर तिघांनाही ऐकू जातं."

"इथे काय करता, काकू?"

"काही नाही. काहीच करत नाही. घरात तसं करता येत नाही, लगेच कोणीतरी विचारतं, बरं नाही का?"

मी म्हणाले, की मी काकांना कारण सापडलं नाही असं सांगू शकते. हे बोलताना मला ते अजिबात आवडलं नाही, आणि काकूंना ते दिसलं असावं.

"नको. तुला खोटं बोलता येत नाही, आणि त्यांना लगेच कळतं. तू तुझं काम कर. मी माझं बघते."

संध्याकाळी काकांनी आलेख दोनदा वाचला. अक्षांवर एककं लिहिली आहेत का तेही पाहिलं.

"दवाचा संबंध नाही म्हणतेस."

"नाही, काका."

"बॅटरीला जाणारा प्रवाह कमी केला तर आवाज बंद होईल?"

"होईल. प्रवाह तीस अँपियरच्या वर जाऊ न देणारा चार्जर मिळतो. उत्तरेश्वर मिस्त्री तासाभरात बसवतील."

"चोख. आता भामऱ्यांना नीट सांगता येईल." मग त्यांनी बोट त्या खड्ड्यावर ठेवलं. "पण दुपारी तीनला गाडीत शेगडी लावतं कोण?"

"मी," काकू म्हणाल्या. त्या इस्त्री करत होत्या.

"तू? कशाला?"

"चहाला."

"घरात चहा नाही?"

"आहे."

काका वाट बघत राहिले. काकूंनी शर्टाची दुसरी बाही उलटवली. तो विषय तिथेच संपला असं काकांना वाटलं. त्यांनी मला धन्यवाद दिले आणि भामऱ्यांना फोन लावून उद्या चारला जरूर या म्हणून सांगितलं.

रविवारी काकांची मुलगी जेवायला आली होती. पावणेतीनला काकूंनी हात पुसले, साखरेचा डबा घेतला आणि सगळ्यांच्या देखत दाराकडे निघाल्या. मुलीने कुठे निघालीस विचारलं. "खाली," त्या म्हणाल्या. हे मला नंतर कळलं. मी पाहिलं ते एवढंच, की तीनच्या आधी गाडीचं मागचं दार आतून बंद झालं आणि पंख्याची घरघर सुरू झाली.

भामरे चारला पाच मिनिटं कमी असताना आले. पन्नाशीचे, नम्र गृहस्थ. सोबत त्यांची पत्नी होती. काकांनी बॉनेट उघडून सगळं दाखवलं. पट्टा का घसरतो हे त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावलं, मधे कुठेही अडखळले नाहीत.

"छान. एवढं स्वच्छ कोणी सांगत नाही," भामरे म्हणाले. "आता आतून बघू या?"

काका मागे गेले. दाराशी उभे राहिले. आतून कप ठेवल्याचा आवाज आला. काकांनी टकटक करायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. आतून दार उघडलं नाही.

त्यांनी हात खाली घेतला.

"आत्ता नाही बघता येणार," ते परत येऊन म्हणाले. "आत माणूस आहे."

"थांबतो की आम्ही. कधी रिकामी होईल?"

"रोज लागते ती. हे मला काल कळलं. काल फोन करतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं. नाशिकहून उगाच फेरी झाली तुमची, माफ करा."

भामऱ्यांनी पत्नीकडे पाहिलं, पत्नीने बंद दाराकडे. मग त्या म्हणाल्या, "चला अहो," आणि ते गेले.

काकांनी बॉनेट लावलं.

"त्या चार्जरचं नाव लिहून दे," ते मला म्हणाले. "आणि पंखा किती वीज घेतो? तो फार आवाज करतो. जरा मोठा, बिनआवाजी बसवला तर बॅटरीला चालेल?"

मी मनात हिशेब केला. चालेल, असं सांगितलं.