पाचवं सीताफळ

कडूबाईने सीताफळ दोन्ही हातांनी फोडले आणि त्यातले अर्धे आकाशपुढे धरले. आकाश दोन पावले मागे सरला.

"खाऊन तर बघा दादा. लई गोड हायेत औंदा."

"नको मावशी. उशीर होतोय."

सकाळचे साडेसात वाजले होते आणि डोंगर काही पळून जाणार नव्हता. दसऱ्यानंतरच्या रविवारी पिशोरच्या अलीकडच्या या डोंगरावर यायचे, हा त्यांचा नेम. दर वर्षी पायथ्याशी कडूबाईची निम्मी पाटी फस्त व्हायची आणि कोणाची थुंकलेली बी लांब जाते यावरून भांडणे जुंपायची. आज आकाशने पाटीकडे नीट बघितलेही नाही. रत्नमाला तर केव्हाच पायवाटेला लागली होती. तनुजाच्या ते लक्षात आले, पण ती काही सीताफळे खायला आली नव्हती.

ती एक जागा बघायला आली होती. मागच्या वर्षी याच रविवारी तिचा नवरा, सत्यम, तिसऱ्या वळणावरून खाली कोसळला. पॉलिटेक्निकपासूनचे हे चौघे, पण त्या दिवशी आकाश आणि रत्नमाला दोघेच त्याच्यासोबत होते. तनुजा घरी राहिली होती. "पाय घसरला," असे दोघांनी पोलिसांना सांगितले, सासूबाईंना सांगितले, तिलाही सांगितले. दर वेळी तेवढेच दोन शब्द, आणि दर वेळी नजर जमिनीकडे.

तो पडला, की त्याने उडी घेतली? वर्षभर तिला याच्यापुढे काही सुचत नव्हते. भाकरी करपायची, बस चुकायची, कोणी हाक मारली तर दुसऱ्यांदा मारावी लागायची.

कारण त्या सकाळचे फक्त तिला ठाऊक होते. चिकलठाण्यातल्या कंपनीने सत्यमला घरी बसवून तीन महिने झाले होते. तो दिवसदिवस गॅलरीत बसायचा आणि खालच्या गाड्या बघायचा. त्या दिवशी तो बूट घालत होता आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलली होती, "तीन महिने घरात बसलायस, अन् तुला डोंगर सुचतायत? जा. परत येऊच नकोस." त्याने दोन्ही नाड्या बांधल्या. एक सुटली, ती पुन्हा बांधली. चहा न घेताच गेला. हे तिने कोणालाच सांगितले नव्हते, आईलासुद्धा नाही.

गवत पिवळे पडले होते आणि ऑक्टोबरचे ऊन आठ वाजताच पाठीला लागत होते. आकाशची टकळी सुरू होती: गाडीचे ॲव्हरेज, भावाची सोयरीक, फुलंब्रीजवळचे खड्डे. एरवी हा माणूस दहा शब्दांच्या वर जात नसे. रत्नमाला मधूनमधून "हो ना" म्हणत होती आणि दर दहा पावलांनी वळून तनुजाकडे बघत होती.

तिसऱ्या वळणावर आकाशचे बोलणे आपोआप थांबले.

"इथं?" तनुजाने विचारले.

"हं."

तिने सॅक खाली ठेवली आणि डोंगराच्या भिंतीपासून कड्यापर्यंत पावले मोजली. साडेपाच भरली. बैलगाडी आरामात गेली असती. मुरुमाची घट्ट वाट, ना शेवाळ, ना ओल. मागच्या वर्षीही आधीचे दहा दिवस पाऊस नव्हता. तिने ते मोबाइलवर शोधून ठेवले होते.

"इथं कसा घसरतो रे माणूस?"

आकाशने पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडले, पुन्हा लावले. "खडे असतात ना."

"शेवटचं काय बोलला?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तनू, मागं ये. काठावर नको उभी राहू."

ती हलली नाही. तिच्या बुटांची टोके कड्याच्या बाहेर आली होती. खाली कुठेतरी होला घुमत होता. भीती वाटायला हवी होती, पण वर्षभरात तिची भीतीसुद्धा वापरून संपली होती. आता फक्त कोणीतरी "हो" म्हणायला हवे होते. मग जे व्हायचे ते होवो.

"नका लपवू," ती म्हणाली. "मला माहितीय त्यानं काय केलं. आणि ते माझ्यामुळंच केलं."

रत्नमाला झटकन पुढे आली.

"कोणी सांगितलं तुला? कडूबाईनं? आमच्या हातातली टोपी फक्त तिनंच बघितली होती."

"कडूबाईचा काय संबंध?"

दोघांनी एकमेकांकडे बघितले. आता मागे फिरायला वाट नव्हती. रत्नमालाने कड्याच्या खाली बोट दाखवले. सात-आठ फुटांवर कातळाच्या एका अरुंद पायरीवर सीताफळाचे झाड होते, फळांनी वाकलेले.

"तिथं उतरला तो. आम्ही नको म्हटलं. कडूबाईकडनं घे म्हटलं, तर म्हणाला, पाटीतली काय कोणी पण नेतं. म्हणाला, तनू सकाळी लई भडकलीय, रिकाम्या हातानं गेलो तर दार उघडायची नाय." तिचा आवाज फाटला. "चार तोडून टोपीत घालून वर दिली आकाशकडं. पाचव्याला हात लावला अन् पायाखालचा दगड निघाला."

"तुला सीताफळं आवडतात म्हणून गेला, हे कळलं असतं तर तू जन्मभर स्वतःला खात बसली असतीस," आकाश खाली बघत म्हणाला. "म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, तुझ्यासमोर सीताफळाचं नावच काढायचं नाही."

तनुजा झाडाकडे बघत होती.

"डोळे उघडले होते का?"

"कोणाचे?"

"सीताफळांचे."

"हो," आकाश गडबडून म्हणाला. "दोन दिवसांत पिकली असती. पिकलीच. मला फेकवेनात. आईनं ज्वारीत ठेवली होती. कोणी खाल्ली नाहीत."

ती कड्यापासून मागे आली. भिंतीला हात लावून उभी राहिली.

"म्हणजे तो घरी येणार होता."

"म्हणजे काय?" आकाशला प्रश्नच कळला नाही. "घरी नाही तर कुठं जाणार होता?"

तनुजा खाली बसली आणि रडू लागली. मोठ्याने, तोंड उघडे टाकून. मातीच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. रत्नमालाने कपाळावर हात मारून घेतला. "मी म्हटलं होतं ना तुला," ती आकाशवर ओरडली, "म्हटलं होतं ना, नाही सोसायचं तिला!" तनुजाने तिचे मनगट घट्ट धरले. ती रडतरडतच नाही-नाही अशी मान हलवत राहिली.

माथ्यावर कोणी गेलेच नाही. ते खाली उतरले तेव्हा ऊन चांगलेच तापले होते आणि कडूबाईची पाटी निम्मी रिकामी झाली होती. आकाश सवयीने घाईघाईत पुढे निघाला. तनुजा पाटीसमोर उकिडवी बसली.

"काय झालं वं बाई, डोळं लई सुजलेत," कडूबाई म्हणाली. मग ती फळे चाचपू लागली. "आजच खायची का दोन दिसांनी?"

"दोन दिवसांनी. घरी न्यायचीत."

"किती देऊ?"

"पाच."

आकाश गाडीतून पिशवी आणायला वळला. तोवर तिने ओढणी पुढे पसरली होती.