उरलेलं बियाणं

डॉक्टरांनी पिठाचा डबा उघडून विचारलं, "हे पीठ कुठल्या धान्याचं?" मी कोपऱ्यात पाहिलं. बियाण्याचं पोतं रिकामं होतं. बायको कशाने गेली, ते तेव्हा कळलं.

स्वातंत्र्यानंतरचं ते पहिलं सरकारी बियाणं, विषारी औषध चोळलेलं, गुलाबी. उरलं तर खाऊ नका, असं शेतकी खात्याच्या साहेबांनी पुरुषांच्या सभेत बजावलं होतं. घरी तिने विचारलं, "काय म्हणाले हो साहेब?"

"तुला काय करायचंय? तू चूल बघ," मी म्हणालो. मग बैल आणायला परगावी गेलो.

"वहिनींनी रंग जाईपर्यंत धुतलं हो," शेजारीण म्हणाली. "अन्न टाकवेना त्यांना. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर?"

 नंतर मी घरोघरी जाऊन बायकांना ते बियाणं खाऊ नका म्हणून सांगितलं. लेक कशाने गेली, ते सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.