व्हर्लीनच्या डाव्या हातातला पंखा

शनिवार, ३० जुलै १९९४. सकाळी थोडं आभाळ, अकरानंतर कडक ऊन. वारा अजिबात नाही.

मी हातपंखा बोलतोय. हवेची नोंद आधी केली, कारण वारा पडला की माझं काम सुरू होतं. मी विजेवर चालणारा नाही. जाड पुठ्ठा आणि त्याला खाली ठोकलेला चपटा लाकडी दांडा, एवढाच माझा देह. बोगुला काउंटीतल्या माउंट नीबो चर्चमध्ये डावीकडच्या तिसऱ्या बाकाला मागे एक लाकडी कप्पा आहे. तो माझा मुक्काम.

माझा जन्म १९८७ सालचा, निवडणुकीच्या उन्हाळ्यातला. आमच्या मिसिसिपी राज्यात मतं मागायला येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. कुणी माशा मारायची जाळी वाटतो, कुणी फूटपट्ट्या. रॉस्को पिकन्स नावाचे गृहस्थ त्या वर्षी चान्सरी क्लार्कच्या जागेला उभे होते. चान्सरी क्लार्क म्हणजे काउंटीचे जुने कागद सांभाळणारा माणूस. जमिनीची खरेदीखतं, रस्त्यांच्या हद्दी, काउंटी चालवणाऱ्या सुपरवायझरांच्या बैठकांची इतिवृत्तं, सगळं त्याच्या ताब्यात. पिकन्ससाहेबांनी पंखे वाटले.

माझ्या पुढच्या बाजूला धबधबा आहे. आमच्या काउंटीत धबधबा नाही, पण ऑगस्टमध्ये बघायला बरा वाटतो. पाठीवर, दांड्याच्या दोन्ही बाजूंना, काउंटीच्या कचेऱ्यांचे फोन नंबर छापलेत आणि प्रत्येक नंबराखाली तिथे कुठलं काम होतं तेही. ही कल्पना साहेबांची स्वतःची. ते म्हणायचे, "लोकांना नंबर सापडत नाही असं नाही हो. कोणाचा शोधायचा तेच कळत नाही."

साहेब निवडणुकीत पडले. पण नंबर त्यांचे नव्हते, कचेऱ्यांचे होते. त्यामुळे मी टिकलो. चर्चमध्ये आमची एक पेटीभर भावंडं आली आणि अंत्यविधीच्या दुकानाने दिलेल्या जुन्या पंख्यांशेजारी नांदू लागली.

मी ज्या हातात पडलो तो हात व्हर्लीन टब्ज हिचा. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उमर गेली. आता ती निवृत्त आहे. ती डावखुरी. बाकाच्या डाव्या टोकाला बसते, म्हणजे कोपर कुणाला लागत नाही. डीकन क्लिओथा बँक्स, जे चर्चची व्यवस्था बघतात, ते वर्षानुवर्षं एकच थट्टा करतात. चर्चमधली प्रत्येक बाई आमच्याकडे सिस्टर.

"सिस्टर व्हर्लीन, तू वारा घेतेस का वारा परत पाठवतेस?"

"तुमच्याकडे पाठवते, डीकन. घाम तुम्हालाच जास्त येतो, काम न करताच."

त्या शनिवारी आमची मंडळी दफनभूमी साफ करायला निघाली. चर्चच्या वार्षिक मेळाव्याआधी दर वर्षी गवत कापायचं, थडगी झाडायची, हा शिरस्ता. डीकनच्या जुन्या पिकअपमध्ये गार हवेची सोय नाही, म्हणून व्हर्लीनने मला बरोबर घेतलं. ओढ्यावरचा पूल ओलांडला आणि गाडी थांबली. रस्त्यावर नवं कोरं लोखंडी फाटक. साखळी. कुलूप.

फाटकापलीकडे एक माणूस ट्रॅक्टरवर होता. त्याने टोपी काढली. नाव प्रुइट. जॅक्सनचा. आजूबाजूचं पाइनचं रान त्याने वसंतात विकत घेतलं होतं.

"मिस्टर प्रुइट, हा आमच्या दफनभूमीचा रस्ता आहे," व्हर्लीन म्हणाली.

"मॅडम, मी विचारूनच फाटक लावलंय. काउंटीच्या बीट चारच्या रस्ते-डेपोला फोन केला होता. ते म्हणाले, हा रस्ता काउंटीचा नाही. शिकारीच्या मोसमात लोक इथे गाड्या घुसवतात, गेल्या वर्षी आग लावली होती. तुम्ही बाजूने चालत जा, माझी ना नाही."

"मी जाईन चालत. पण दगड चालत जाईल का?"

हा दगड तिच्या आईच्या थडग्याचा होता. आईच्या उशाशी आजवर लोखंडी पाइपचा एक तुकडा रोवलेला होता, बस. यंदा व्हर्लीनने दगड कोरून घेतला होता. बारा तारखेला शुक्रवारी ट्रक तो घेऊन येणार होता. आणि चौदाच्या मेळाव्याला शिकागोहून तिचा भाऊ ओथा येणार होता. त्याचं एक अंग गेलेलं, चाकाच्या खुर्चीत असतो. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, "पुढच्या वर्षाचं मला सांगू नकोस, व्हर्ल. यंदा बघायचाय मला दगड."

फाटकापासून दफनभूमी मैलभर. वाट वाळूची.

सोमवारी, एक ऑगस्टला, व्हर्लीनने स्वतः बीट चारच्या डेपोला फोन केला. मी तिच्या पर्समध्ये होतो. शनिवारी चुकून घरी आलो होतो. बीट म्हणजे काउंटीचा एकेक भाग. प्रत्येकाचा सुपरवायझर वेगळा, रस्ता सपाट करायचा ग्रेडर वेगळा, डेपो वेगळा. माउंट नीबोची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बीट चारची. त्यांच्या बेसबॉलच्या संघाचं नावही बीट चार. विचारायचं तर दुसऱ्या कुणाला विचारणार?

डेपोतल्या मुकादमाने यादी दोनदा वाचली. "मिस व्हर्लीन, ओढ्यापलीकडे आमचा एकही रस्ता नाही. मला वाईट वाटतं, पण नाही."

तिने फोन ठेवला आणि मेळाव्याआधी एकदा करून बघायच्या लोणी-केकसाठी काढून ठेवलेली अंडी परत फ्रिजमध्ये ठेवली. मेळाव्याचा केक दर वर्षी तिचाच असतो.

बुधवार, ३ ऑगस्ट. दुपारी दोन सरी, त्यानंतर जास्तच उकाडा. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळे बाकांवरच थांबले. पंखे जोरात चालले होते.

"वकील करू या," डीकन म्हणाले.

"वकील बारा तारखेपर्यंत पहिलं पत्रसुद्धा लिहिणार नाही," व्हर्लीन म्हणाली. "ट्रकवाल्याला नको म्हणून सांगते. ओथालाही सांगते. दगड चर्चच्या दाराशी ठेवू, तिथेच बघेल."

दगड दाराशी बघणं म्हणजे आईच्या थडग्यापर्यंत न पोचताच परत जाणं, हे सगळ्यांना कळलं होतं.

पुढच्या बाकावर सिस्टर इर्मा बसली होती. तिचा पंखा थांबला. चष्मा वर करून ती त्याच्या पाठीवर वाचायला लागली. "अहो डीकन, इथे काहीतरी आहे. 'जुने रस्ते व...' पुढचं पुसलंय. नंबरही पुसलाय."

डीकनने आपला पंखा पाहिला. डाव्या रांगेची शेवटची ओळ गुळगुळीत पांढरी. शेजारच्यांनी आपापले पाहिले. सगळ्यांची तीच गत. पंखा उजव्या हातात धरला की अंगठा दांड्यावरून आडवा पडतो, तो बरोबर त्या ओळीवर. सात उन्हाळे माउंट नीबोचे अंगठे तीच ओळ पुसत होते.

"व्हर्लीन," सिस्टर इर्मा म्हणाली, "तुझा बघ गं."

व्हर्लीनने मला उलटं केलं. माझी उजवी रांग खालून पुसलेली. भटक्या कुत्र्यांची तक्रार कुठे करायची, ते मला आता सांगता येत नाही. पण डावी रांग कालच छापल्यासारखी. ती मोठ्याने वाचू लागली : "चान्सरी क्लार्क. जुने रस्ते व हद्दी यांच्या नोंदी. कुणालाही पाहता येतात." आणि खाली नंबर.

"चान्सरी क्लार्क?" डीकन म्हणाले. "आपण रस्त्याचं रस्तेवाल्यांनाच विचारत बसलो!" मग व्हर्लीनकडे वळून, "देवाने तुला डावखुरी का केलं, ते आज कळलं बघ."

"मला आधीच कळलं होतं. देवाने सांगितलं तेव्हा तुम्ही शेवटच्या बाकावर होता, ऐकू कसं येणार?"

गुरुवारी सकाळी तिने मला उजव्या हातात धरलं, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि डाव्याने नंबर फिरवला. सात वर्षांनीही नंबर तोच होता. पलीकडे चान्सरी क्लार्कच्या कचेरीतल्या फे समरॉल नावाच्या बाई.

"ओढ्यापलीकडचा दफनभूमीचा रस्ता? थांबा हं, रजिस्टर आणते." बराच वेळ कागदांची सळसळ. "हा बघा. १९३८ साली काउंटीने घेतलेला. सोडून दिल्याची नोंद कुठेच नाही. म्हणजे सार्वजनिकच आहे."

"पण बीट चारवाले नाही म्हणतात."

"बरोबरच म्हणतात. शिरगणतीनंतर बीटांच्या हद्दी नव्याने आखल्या. आता ओढा ही हद्द. अलीकडे चार, पलीकडे तीन. तुमचा रस्ता बीट तीनचा."

"मग आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?"

"पत्रं मतदारांना गेली, मिस व्हर्लीन. ओढ्यापलीकडे मतदार कोण आहे?"

डीकनला हे कळलं तेव्हा ते चर्चच्या पायरीवर बसूनच राहिले. "माझा बाप आयुष्यभर बीट चारचा. तिकडे पुरलाय म्हणून त्याला बीट तीनमध्ये टाकला, आणि विचारलंसुद्धा नाही!"

"निवडणुकीत उभा राहणार होता का तो?" सिस्टर इर्माने विचारलं.

बीट तीनच्या सुपरवायझरला तिकडे आपला रस्ता आहे हे त्याच दिवशी समजलं. शनिवारी तो नोंदीची प्रत घेऊन फाटकाशी आला. व्हर्लीन, डीकन आणि मीही होतो. प्रुइटने प्रत उभ्यानेच वाचली, पुन्हा वाचली.

"मी खरंच विचारलं होतं, मॅडम."

"मीसुद्धा," व्हर्लीन म्हणाली. "आपण दोघांनी एकच चुकीचं दार ठोठावलं."

तो हसला. फाटक उतरवायचा पाना आणायला ट्रॅक्टरकडे गेला. व्हर्लीनने त्याला मेळाव्याच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. लोणी-केक असेल, हेही सांगितलं. डीकन कुजबुजले, "आधी आमचा तळलेला कॅटफिश मासा संपू दे, मग येऊ दे त्याला," पण प्रुइटला ते ऐकू गेलं आणि तो म्हणाला, "मी बर्फ घातलेला गोड चहा घेऊन येतो, मग तरी चालेल?"

आता माझं सांगतो. माझा धबधबा फिका झालाय, एक कोपरा दुमडलाय, दांड्याची पिन गंजलीय. तरी मी खुशीत आहे. व्हर्लीनने माझ्या पाठीवर पेन्सिलीने बीट तीनच्या डेपोचा नंबर लिहिलाय, पुसलेल्या जागी, डाव्या हाताच्या तिरक्या अक्षरात. मी पुन्हा कप्प्यात आहे. माझी विनंती एवढीच : पंखा फाटला तर खुशाल टाका, पण टाकण्याआधी एकदा उलटा करून बघा.

रविवार, १४ ऑगस्ट १९९४. सकाळी धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, दक्षिणेकडून मंद वारा. मंगळवारी ग्रेडर फिरला. दगड शुक्रवारी बसला. प्रार्थना संपल्यावर ओथाची खुर्ची डीकनच्या पिकअपमधून थेट थडग्यापाशी उतरवली. तो दगडावर उजवा हात ठेवून बसला, आणि तो परत निघेपर्यंत व्हर्लीनने त्याला वारा घातला.