निळ्या बाणाचा बॉल

"गेला," मी म्हटलं.

"कुठे गेला?" स्वानंद सर कपाळावर हात धरून भलतीकडंच बघत होते.

मामानं हात लांब केला. मामा कधी बोट दाखवत नाही. पाहुण्याला वाट दाखवावी तसा अख्खा हात दाखवतो. हात सरळ राईकडं होता.

"शिट. निळ्यातला शेवटचा होता तो."

निळा म्हणजे काय ते सांगते. सरांच्या मेव्हण्यानं बाहेरदेशातून दोन डब्या आणल्या होत्या, दोन्ही भारीतल्या. बॉल सगळे पांढरेच, पण एका डबीतल्यांवर निळा बाण, दुसरीतल्यांवर लाल रेघ. निळा उंच जायचा, गरागरा फिरायचा आणि ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक गवतावर, पडला की जागच्या जागी बसायचा. कधी कधी तर दोन पावलं मागं यायचा. लाल खालून जायचा, लांब जायचा आणि पडल्यावर पळत सुटायचा. महिनाअखेरीला गोल्फ क्लबची मॅच होती. सरांना दोन्हींतला एक ठरवायचा होता. लग्नाची पोरगी बघत असल्यासारखं त्यांचं महिनाभर चाललं होतं. बाकीचे निळे तळ्यात बुडवून झाले होते. उरलेल्या एकावर त्यांनी हिरव्या पेनानं ठिपका काढला होता. तोच राईत गेला.

"मामा, आणता का जरा?"

"न्हाई सर," मामा म्हणाला. "राईतनं आमी काय आणत न्हाई. काटकी बी न्हाई."

ही वाघजाई देवीची राई. सगळी मिळून दोन खाचरांएवढी असेल, पण आत ऊन पडत नाही. सहावं होल तिला चिकटूनच आहे. हे सहावं म्हणजे मामाचं भाताचं खाचर होतं. जमीन क्लबात गेली, मामा तिथंच कॅडी लागला. लोकांच्या बॅगा खांद्यावर घेऊन स्वतःच्या खाचरातनं फिरतो. बाकी होलांना नंबरानं बोलतो, ह्याला अजून खाचरच म्हणतो. क्लब झाल्यापासून शेकड्यानं बॉल राईत गेले असतील. काठावरनं दिसतात. पाल्यात पांढरे, कोंबडीनं घालून सोडून दिल्यासारखे. कुणी हात लावत नाही.

"अहो, मीही गावाकडचाच आहे. नांदेडचा," सर म्हणाले. "आमच्याकडेही हे सगळं असतं. पण टेस्ट अर्धवट राहील ना! नवीन डबी यायला महिना जाईल."

"मग तुमीच जावा की आत," मी म्हटलं. "नांदेडच्यांना चालत असंल."

"ए, नीट बोल. मागच्या आठवड्यातच तुझी एक कंप्लेंट गेलीये. मॅनेजरला फोन लावू?"

"लावा. नंबर देऊ?"

"जाने!" मामा ओरडला. तो ओरडत नाही कधी.

माझं तोंड असंच आहे. दहावीत शाळा सुटली ती त्याच्यापायीच. म्हणजे तोंड सुरू झालं आणि डस्टर मास्तरांच्या दिशेनं गेला. मग आईनं मला मामाकडं धाडलं. मामानं मॅनेजरच्या हातापाया पडून मला कॅडीत लावलं. क्लबात पोरगी कॅडी मी एकटीच.

मामानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. काठावर जाऊन पायातल्या चपला काढल्या, जोडीनं मांडल्या. कातडी चपला, पौडच्या बाजारातनं घेतलेल्या. मागं वळून म्हणाला, "मी भाईर येस्तवर हाक मारू नगा. नाव तर घ्यायचंच न्हाई."

"मामा, राहू दे की! मी मागते माफी!"

तो आत गेला. पाल्यावर पावलं वाजली, मग वाजायची थांबली.

आम्ही उभे राहिलो. तळ्यावरच्या टिटव्या ओरडत होत्या, त्याही गप्प झाल्या. सरांनी घड्याळ बघितलं. परत बघितलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तोंडाभोवती हात धरले.

"कोंडिबा मामा! ओ कोंडिबा!"

"ओ," आतनं आवाज आला.

मामाचाच आवाज. पण लई आतनं. एवढीशी राई, एवढ्या आतनं कसा काय येईल?

"बघ, काही होत नाही," सर मला म्हणाले. आणि तेवढ्यात मामा आमच्या डाव्या हाताला, राईच्या पार दुसऱ्या टोकाला बाहेर आला. तळहातावर बॉल. हिरवा ठिपका वर.

"मामा, तू ओ दिलीस?" मी विचारलं.

"कुनाला?"

"सरांनी हाक मारली तवा."

मामानं सरांकडं बघितलं. मग राईकडं. गळ्यातल्या टॉवेलनं बॉल पुसला आणि सरांना दिला. मधल्यामध्ये मी हात लावून बघितला, तर बॉल कोमट होता.

सरांनी तो परत गवतात रोवलेल्या बारीक खुंटीवर ठेवला आणि मारला. चांगला लागला. फटका चांगला लागला की आवाजच वेगळा येतो. बॉल सरळ वर गेला, उंच, निळा जातो तसा. आणि वर गेल्यावर वळला. उजवीकडं, राईच्या दिशेनं. वारा नव्हता, झेंडा लोंबत होता. बॉल राईच्या काठाला, मामाच्या चपलांच्या जवळ येऊन बसला.

"साइड स्पिन," सर म्हणाले. "जास्त फिरणाऱ्या बॉलचा हाच प्रॉब्लेम."

मग लाल मारला. सरळ गेला. परत निळा. उजवीकडं. ज्या बाजूला तोंड करून मारतील त्या बाजूनं तो राईकडंच वळायचा. सर मोबाइलमध्ये शूटिंग घेत होते, मान हलवत होते. मी बॉलकडं बघणं सोडून दिलं होतं. मामा पुढं चालत होता, खांद्यावर बॅग. गवतावर दव होतं, त्यात त्याची पावलं उमटत होती. सरळ सुरू व्हायची आणि उजवीकडं कलत जायची. मग तो दचकून थांबायचा, वाट सुधारायचा. परत कलायचा.

दोन दिवसांनी आशालता मामी अंगणात तांदूळ पाखडत होती. मला म्हणाली, "तुजा मामा प्यायला लागलाय का गं?"

"मामा? चहा सोडून काय पितो तो?"

"मग सकाळी हापशावर म्हून गेला आन् राईच्या बांधावर कसा घावला? हापसा हिकडं, राई तिकडं. रातभर उजव्या कुशीवर. सरळ केला की पुन्ना वळतोय. म्यां म्हनलं, माज्याकडं पाठ करून झोपायचं वय हाय व्हय हे!" ती हसली, आणि माझं तोंड बघून हसायची थांबली. "काय झालंय?"

मी सांगितलं. बॉलचं सांगितलं, हाकेचं सांगायचं राहिलं. मामीनं सूप खाली ठेवलं.

"ज्यानं आनलं त्यानंच ठिवाया पायजे. दुसऱ्याच्या हातचं तिला चालत न्हाई."

"मग मी उचलते की सरांच्या बॅगेतनं. मामा ठेवंल."

"चोरीचा माल देवीला? शानी हायेस! ज्याची वस्तू हाय त्यानं खुशीनं दिली पायजे."

मामा दारात उभा होता. सगळं ऐकलं असणार. उंबऱ्यातनं सरळ आत यायचं, तर त्याचा खांदा उजव्या चौकटीला घासला.

"मॅच झाली की सर त्यो बॉल टाकून देत्याल," तो म्हणाला. "लाल घेतला तर आदीच देत्याल. तवर दम काढू."

म्हणजे सगळं सरांच्या पसंतीवर. लाल ठरला, तर मामा सुटला.

रविवारी सर आले. "आज फायनल. सहाव्यावर दोन्ही मारतो आणि ठरवून टाकतो."

मी सकाळपासून तोंडावर ताबा ठेवून होते. सहाव्याच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, गेल्यावर म्हटलं, "सर, लाल घ्या. पळतो चांगला. निळा नुसता शायनिंग मारतो."

सर हसले. "आज एकदम कोच?"

"मागच्या वेळचं चुकलंच माझं. माफ करा. पण लालच घ्या."

मी कुणाची माफी मागितलेली मामानं पहिल्यांदाच ऐकली. तो माझ्याकडं बघायला वळला आणि वळता वळता दोन पावलं राईकडं सरकला. आता तो उभा असला तरी सरकायचा. मी त्याचा सदरा मागनं धरून ठेवला होता.

लाल लांब गेला, ग्रीनवर पडला, पळत पळत मागच्या वाळूत गेला. सरांनी तोंड वाकडं केलं. निळा खुंटीवर ठेवला. आणि मग त्यांनी पाय हलवले. होलाकडं तोंड करायचं सोडून डावीकडं, पार तळ्याकडं तोंड करून उभे राहिले.

"आठवडाभर व्हिडिओ बघतोय. हा बॉल उजवीकडे येतो. येतो तर येऊ दे. आपण डावीकडे मारायचं!"

बॉल तळ्यावर गेला. उंच चढला. तिथं जरासा थांबल्यासारखा वाटला, आणि वळला. लांबलचक कोयता फिरवावा तसा अख्ख्या खाचरावरनं वळत आला, ग्रीनवर उतरला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर बसला. ग्रीनच्या मागं राई होती. होल नुसतं मधे आलं होतं.

सर ओरडले, नाचले. मामाला त्यांनी मिठी मारली. "फायनल! हाच! आयुष्यात असा शॉट नाही बसला, मामा. जगात कुणाकडे नसेल असा बॉल!"

लोक वाईट निघाले की मला शिव्या देता येतात. हे तर खूश झाले होते.

ग्रीनवर सरांनी तो हातभरावरचा बॉल होलात ढकलला. मामानं वाकून काढला, टॉवेलनं पुसला. पुसत राहिला.

"मामा, आज काहीही मागा माझ्याकडे!"

"ह्यो द्या, सर."

"काय?"

"ह्यो बॉल."

सर हसले, मग हसायचे थांबले. मामाकडं नीट बघितलं, मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच. मामा वाकडा उभा होता, वाऱ्यात झाड असतं तसा. वारा नव्हता. मी दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरला होता.

"अहो, पण मॅच..."

"तुमाला लाल बी बरा हाय. द्या म्हनलं तर खुशीनं द्या. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सर बॉलकडं बघत होते. "माझ्यामुळेच आत गेला होतात ना?" मग म्हणाले, "घ्या. बोलून बसलो मी. खुशीनं घ्या."

मी सदरा सोडला. मामा राईकडं निघाला. आता वाट सुधारायची गरज नव्हती. इतका सरळ चाललेला मी त्याला आठवडाभरात बघितला नव्हता. काठावर त्यानं चपला काढल्या, जोडीनं मांडल्या. मला म्हणाला, "बॅग उनात ठिवू नगंस." आणि आत गेला.

पावलं वाजली. मग वाजायची थांबली.

सरांनी तोंडाभोवती हात नेले. मी म्हटलं, "हाक मारली तर बघा," आणि त्यांनी हात खाली घेतले. आम्ही उभे राहिलो. मग बसलो. टिटव्या गप्पच होत्या. मला हाक मारायची होती. घशापर्यंत येत होती. गावात कुणाला हाक मारायची तर लोक मला सांगतात, एवढा माझा आवाज. मी ओठ दातात धरले. रक्त आलं.

ऊन चढलं, उतरलं. मामा आला नाही.

मॅनेजर आला, वॉचमन आले, दुसऱ्या दिवशी पोलीस आले. दोन खाचरांएवढी राई, या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचं माणूस दिसतं. मामा कुठंच नव्हता. देवीच्या तांदळ्यापुढं, शेंदूर फासलेल्या दगडापुढं, बॉल होता. हिरवा ठिपका वर. वॉचमन उचलायला वाकला, तर मामी काठावरनं म्हणाली, "ठिव तितंच." त्यानं हात मागं घेतला.

"बॉल तर ठेवला की त्यानं," मी मामीला म्हटलं. "खुशीनं दिलेला. सगळं बरोबर केलं."

"तो आत असताना कुनी हाक मारली हुती का?"

मग मी हाकेचं सांगितलं. ओ आली ते सांगितलं.

मामी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मंग नाव आतच ऱ्हायलं की गं त्याचं," म्हणाली.

सर आता लालनं खेळतात. पाचव्यावरनं थेट सातव्यावर जातात. सहाव्यावर येत नाहीत. मी कॅडीच आहे. कुणाचा बॉल राईत गेला की मी अख्खा हात लांब करून दाखवते आणि म्हणते, "गेला, दुसरा घ्या." कुणी हुज्जत घालत नाही. मीपण नाही.

चपला काठावर आहेत. गवत कापणारा मशीन तिथं आणतो आणि चपलांभोवतीनं वळवून नेतो, त्यामुळं तेवढ्याच तुकड्यात गवत उंच आहे. दर रविवारी मामी करडईचं तेल घेऊन येते. चपला राईकडं तोंड करून असतात. ती उचलते, मांडीवर घेते, फडक्यानं तेल लावते, पट्ट्याच्या आतनं सुद्धा. मग बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवते, आतनं येणाऱ्याला सरळ पायात घालता येतील अशा. पुढच्या रविवारी त्या परत राईकडं वळलेल्या असतात.

मागच्या रविवारी मी म्हटलं, "मामी, कशाला? दर वेळी वळतात त्या."

"वळू दे," मामी म्हणाली. तिनं अंगठ्यानं टाचेजवळ तेल जिरवलं. "कातडं उनानं कडक झालं की पाय कापतो. अनवानी आत गेलाय त्यो, पाय आदीच सोलल्यालं असत्याल."