त्र्याऐंशी दिवस की पाच महिने

संघमित्राला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि बुधवारपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. परळच्या घरातल्या दोन खोल्यांतून गॅलरीत, गॅलरीतून परत आत. सहा वर्षं ती मालवाहू जहाजांवर अधिकारी होती. आता एका परदेशी कंपनीने तिला शिडांच्या नव्या पोलादी जहाजावर बोलावलं होतं. फ्रान्सहून निघून अटलांटिकपार कॉफी आणायला जायचं. इंजिन फक्त बंदरात शिरण्यापुरतं.

“परत कधी येशील?” तिच्या आईने, कमलने, विचारलं. कमलच्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलं होतं.

“सांगता नाही येत गं.”

गुरुवारभर ती शंभर वर्षांपूर्वीच्या शिडांच्या जहाजांच्या नोंदी वाचत बसली. चार डोलकाठ्या, पोलादी सांगाडा, जेमतेम तीस माणसं आणि पोटात चार-पाच हजार टन गहू. वारा चांगला असला की ती कित्येक आगबोटींना मागे टाकत. पण ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला कुणी त्र्याऐंशी दिवसांत पोचलं, तर कुणाला पाच महिने लागले. तिने सरासरी काढली, खोडली, पुन्हा काढली. शेवटी थेट त्या नव्या जहाजाच्या कप्तानालाच फोन लावला.

“तारीख मी देणार नाही,” तो म्हणाला. “जो देईल त्याच्या जहाजावर जाऊ नका.”

माणूस तिला आवडला, आणि जीव आणखीच टांगणीला लागला.

शुक्रवारी दुपारी ती म्हणाली, “नाही म्हणून कळवते.”

मेथी निवडणाऱ्या कमलने हात थांबवला. “का?”

“तुझा गुडघा.”

“त्याचं नाव नको पुढे करूस. बत्तीस वर्षं हॉस्पिटलात आयाबाई होते मी. आजाऱ्याच्या नावावर घरी बसलेली माणसं खूप बघितलीत. तुला जायचंय की नाही?”

“जायचंय.”

“मग तसं बोल ना!”

कमलने स्वतःच डॉक्टरांना फोन केला. डिसेंबर नको, मुलगी जायच्या आत, याच महिन्यात करा, म्हणाली. संघमित्राने पाच वाजायला दहा मिनिटं असताना होकार पाठवला. रडू आलं, ते तिने लपवलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. पाच आठवड्यांनी संघमित्रा जहाजावर चढली. पहिले दोन दिवस वारा जवळपास नव्हताच. तिसऱ्या दुपारी शिडं भरली आणि जहाज एका अंगावर कललं. तिने आईला कळवलं, “ताशी चौदा सागरी मैल!”

थोड्या वेळाने उत्तर आलं, “मी आज जिना उतरले. एकटीच.”