राखणीचा माळा

मित्रांनो, मी एक जुना माळा आहे. इथे जर्मनीत मला कुणी माळा म्हणत नाही. माझं इथलं नाव होखझिट्स, म्हणजे उंच बैठक. शिकाऱ्यानं वर चढायचं आणि बंदूक मांडीवर घेऊन वाट बघत बसायचं, ते लाकडी मचाण म्हणजे मी. माळा हे नाव मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मिळालं. या वयात नवं नाव लावून मिरवणं शोभत नाही म्हणा, पण मी ते सोडणार नाही.

बव्हेरियातल्या रेगेन्सबर्ग शहराच्या पूर्वेला सपाट शेतं संपतात आणि जंगलाचे डोंगर सुरू होतात. तिथे एका ओढ्याकाठी त्सिर्नगिबल नावाच्या शिकाऱ्यानं वडिलांना हाताशी घेऊन मला उभं केलं. (त्सिर्नगिबल. सावकाश वाचा, मला घाई नाही.) वडिलांनी वर चढून दोन उड्या मारल्या आणि म्हणाले, "हा आपल्या दोघांना पुरून उरेल." त्या कौतुकावर मी पुष्कळ वर्षं काढली.

तेव्हा ओढ्यापलीकडे तांबड्या हरणांचा कळप भर दिवसा चरायचा. अंगानं सांबराएवढी जनावरं ती! पुढे एक म्होरकी मादी असायची. ती आधी मान वर करून वारा हुंगायची, मग खाली घालायची, आणि मगच बाकीच्या माद्या न् पाडसं चरायला लागायची. एका नोव्हेंबरात, धुक्यात, त्सिर्नगिबलची चूक झाली आणि नेमकी तीच पडली. गोळी माझ्यावरूनच सुटली. पुढे कितीतरी दिवस तो कळप त्याच जागी गोल गोल फिरत राहिला, कारण कुठे जायचं हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्सिर्नगिबल पुढचे दोन महिने माझ्याकडे फिरकला नाही. मला फार वाईट वाटलं होतं. अजूनही वाटतं.

मग माणसं वाढली. कुणी सायकल घेऊन झाडीतून उतरायचं, कुणी कुत्रा मोकळा सोडायचं, कुणी कपाळाला दिवा बांधून अंधार पडेपर्यंत पळायचं. त्यांच्यात वाईट कुणीच नव्हतं. ज्याला त्याला वाटायचं, मी एकटाच तर आलोय. हरणांनी मात्र धसका घेतला. ती दिवसभर दाट झाडीत दडायची आणि अंधार झाल्यावरच गवतावर यायची. आता दिवसभर उपाशी कोण राहील? ती झाडांच्या साली सोलून खायला लागली. साली सोलल्या म्हणून जंगलाचे मालक चिडले, आणखी बंदुका आल्या, आणि हरणं आणखी आत दडली. हा सगळा खुळ्यांचा बाजार मी वरून बघत होतो, पण माझं ऐकतो कोण.

त्यात माझ्या पायाशी एक सीमा आहे. सरकारी नकाशात हा ओढा म्हणजे हरणांच्या मुलखाची हद्द. पलीकडे हरणांनी राहायचं. अलीकडे आलेलं हरीण हंगामात दिसलं, की शिकाऱ्यानं टिपायचं. पण तरण्या नराला नवा मुलूख शोधायला बाहेर पडावंच लागतं. नाहीतर कळपातलं रक्त कळपातच फिरत राहतं.

माझ्या सत्ताविसाव्या वर्षी, हिवाळ्यात, असाच एक नर ओढ्याकाठी घुटमळायला लागला. त्याचा डावा कान फाटलेला होता. हंगाम एकतीस जानेवारीला संपणार होता. तोवर तो पलीकडेच राहिला, तर ऑगस्टपर्यंत त्याच्या केसालाही धक्का लागणार नव्हता. मी एकेक दिवस मोजत होतो.

त्याच दिवसांत रोज दुपारी यादवराव माझ्याजवळून फिरायला जायचे. हिंगोलीकडचे म्हातारे शेतकरी. मुलगा जीवन इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीयर, त्याच्याकडे ते तीन महिन्यांसाठी आले होते. बरोबर नऊ वर्षांची नात, स्पृहा. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं.

पहिल्याच दिवशी यादवराव माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "अगं पोरी, हा तर राखणीचा माळा!"

"नाइन, आजोबा. दास इस्ट आइन होखझिट्स." नाही, ही उंच बैठक आहे, असं तिचं म्हणणं.

"असंल. पण आहे माळाच. ज्वारी हुरड्यात आली की आम्ही यावर उभं राहून पाखरं हाकलायचो, डुकरं हाकलायचो. घसा बसायचा नुसता."

स्पृहा हसली. मी मात्र हरखून गेलो. मला राखणदार म्हणणारा माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

एकतीस जानेवारी उजाडली. दुपारी चार वाजता त्सिर्नगिबल वर येऊन बसला. थोड्याच वेळात फाटक्या कानाचा नर ओढ्यात उतरला आणि अलीकडे येऊन रॅप्सच्या, म्हणजे इथल्या मोहरीसारख्या हिरव्या पिकात तोंड घालून चरू लागला. त्सिर्नगिबलनं बंदूक उचलून खांद्याला लावली. माझ्या अंगातलं सगळं लाकूड आक्रसलं. आणि पाठीमागच्या वाटेवरून यादवराव आणि स्पृहा आले.

यादवरावांनी काय पाहिलं? पिकात जनावर शिरलंय, आणि माळ्यावरचा गडी मान कलती करून गप्प बसलाय. "डुलकी लागली वाटतं बिचाऱ्याला," असं म्हणत त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले. "हैऽऽ! हाऽऽ हाऽऽ!"

नर उधळला आणि ओढा ओलांडून जंगलात शिरला.

त्सिर्नगिबल दाणदाण पायऱ्या उतरत आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. यादवराव हात जोडून म्हणाले, "स्पृहा, त्यांना म्हणावं, आभार नकोत. डुलकी कुणालाही लागते."

स्पृहानं जर्मनमध्ये सांगितलं. त्सिर्नगिबल सावकाश म्हणाला, "मी झोपलो नव्हतो. मी त्याला मारणार होतो."

स्पृहा आजोबांशी पहिल्यांदा मराठीत बोलली. "आजोबा, ते राखत नव्हते. मारणार होते."

यादवरावांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माळ्यावरून?" ते म्हणाले. "माळ्यावरून तर हाकलतात."

हे जर्मनमध्ये ऐकल्यावर त्सिर्नगिबल माझ्या खालच्या पायरीवर बसला. "आल्झो, असं बघ," तो म्हणाला, "आजोबांना सांग, हाकलणंही फुकट नसतं. या थंडीत एकदा पळाला, की खाल्लेलं सगळं अंगावरून उतरतं."

यादवरावांनी ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. "हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. मग तिघंही अंधार पडायच्या आत घरी गेले.

फेब्रुवारीत यादवराव हिंगोलीला परतले. ऑगस्ट आला, हंगाम उघडला, आणि पहिल्याच संध्याकाळी तो फाटका कान ओढ्यात दिसला. त्सिर्नगिबलनं बंदूक उचलली. बराच वेळ धरली. मग ती खाली ठेवून त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आपल्या जाड बव्हेरियन आवाजात ओरडला, "हाऽऽ हाऽऽ!" उच्चार अगदीच वाईट होता. नर पलीकडे पळाला. त्या दिवसांत पलीकडे चारा मुबलक होता. शेजारच्या शिकाऱ्यानं विचारलं, तेव्हा त्सिर्नगिबल म्हणाला, "काय करणार, डुलकी लागली."

मित्रांनो, माझी तिसरी पायरी कुजली आहे आणि मला फार दिवस उरलेले नाहीत. जंगलात आलात तर वाट सोडू नका, कुत्रा दोरीला ठेवा, आणि दिवेलागणीच्या आत घरी जा. तेवढा वेळ हरणांना पोटभर खाऊ द्या. आणि कधी माझ्यावर कुणी मान कलती करून बसलेला दिसला, तर त्याला उठवू नका.