चिंधी बांधलेली टोपली

बेबाबाईंच्या वर्षश्राद्धाच्या सकाळी अंगणात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. त्यांची लेक हेमलता आदल्या संध्याकाळीच धुळ्याहून धरणगावजवळच्या माहेरी आली होती. पडवीत वांग्यांच्या दोन टोपल्या होत्या. एकीच्या कडीला लाल चिंधी.

“चिंधीवाली घरनी शे,” भाऊ भूपेंद्र म्हणाला. “मायना नैवेद्य तिमाईनच कर. दुसरी पंगतनी.”

चिंधी कशासाठी, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. शेताच्या हायवेलगतच्या पट्ट्यात शिसं आहे, तिथली वांगी खाऊ नका, असं माती तपासणाऱ्यांनी वडिलांना, आबांना, तोंडावर सांगितलं होतं. आबांनी लागवड थांबवली नाही. टोपल्या तेवढ्या वेगळ्या केल्या. विहिरीकडची वांगी घरात; रस्त्याकडची बाजारात, आणि उरली तर मजुरांना.

“बठ्ठा गाव असंच करस,” आबा म्हणाले होते.

“जे आपले चालस नही, ते लोकसले कसं चालस?” मायनं विचारलं होतं. त्यानंतर तिनं वांग्याला हात लावला नाही, चिंधीच्या टोपलीतल्यासुद्धा.

दुपारी पंगत बसली. “भाऊ, पंगतले हे नको वाढू,” पंगतीच्या मोठ्या पातेल्याकडे बोट करून हेमलता म्हणाली.

“धुळाले राही राही तुले बठ्ठामा जहरच दखास! लोके बशी गयात. तमाशा नको करू.”

 मोठ्या पातेल्यातलं भरीत तिनं ताटात घेतलं आणि थेट आबांच्या पानात वाढलं.

पंगत थांबली. आबांनी घास घेतल्याशिवाय कोण जेवणार?

“आबा, सुरुवात करा. कोनतं शे, इचारू नका.”

आबांनी पातेल्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. भाकरीचा तुकडा मोडला. तो भरताजवळ गेला आणि तिथंच राहिला. 

“आबा, घास घ्या ना! भूक लागनी,” पंगतीतलं कोणीतरी हसलं.

आबांनी तुकडा खाली ठेवला. “कोन्ही हात नका लावा. रस्ताकडनं शे. आमी घरमा खातस नही.”

हसणं विरलं. पडवीच्या टोकाला, पट्ट्यात खुरपणी करणारी चमेलीबाई नातीला घेऊन बसली होती. तिनं पोरीच्या हातातली भाकरी काढून घेतली.

“आबा, रोज सांजले तुमीच वांगा ओटीमा टाकेत. पोरेसनी खादं. त्यानं काय?”

 हेमलता तिच्याजवळ जाऊन बसली. “उद्या सकाय पोरेसले घिसन धुळाले चाल, चमेलीबाई. रगत तपासूत. तो पट्टा मी सोता उपटसू.”

“आन् बजारमा इकायनं, ते?” चमेलीबाईनं विचारलं.

बाहेर हायवेवरून भाजीचा टेम्पो जळगावच्या दिशेनं निघून गेला.